सेन्सर साफ आहे का?

माझ्या कॅमेऱ्यात आरसा नाही, हे कॅमेरा घेताना मला माहीत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानदाराने ‘मिररलेस आहे, लेटेस्ट आहे’ असं म्हटलं आणि मी मान डोलावली. बाबांनीही डोलावली. त्या दिवशी बाबांनी सरकत्या जिन्याची इतकी धास्ती घेतली होती, की त्या दुकानात ते कशालाही हो म्हणाले असते.

आता तो कॅमेरा विकायचा होता. आईला ते पसंत नव्हतं. मी माहेरी परत आल्यापासून तिने कॅमेऱ्याचा स्टीलचा डबा चार वेळा माझ्यासमोर आणून ठेवला होता आणि चारही वेळा एकच वाक्य म्हटलं होतं, ‘स्टुडिओ टाक.’ जणू सिहोऱ्याच्या बाजारात लोक पासपोर्ट फोटोसाठी माझी वाट बघत ताटकळले आहेत. शेवटी मी ठरवलं, डबाच नको घरात.

मी डिंपल, वय तीस. सिहोऱ्यापासून चार किलोमीटरवर आमचं खेडं आहे आणि गेल्या जूनपासून मी तिथेच आहे. नागपूरला नवरा होता, कागदावर अजून आहे. भांडण झालं नाही, मारहाण झाली नाही. एका रविवारी नाश्ता झाल्यावर तो म्हणाला की त्याला हे पुढे जमणार नाही, आणि मी ‘बरं’ म्हणाले. हे सांगितलं की बायका माझ्याकडे अशा बघतात, जणू मी मधला मजकूर गाळला आहे. गाळलेलं काही नाही. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. लाइट गेल्यावर तहसील कचेरीत पंखे थांबतात आणि सगळे जागच्या जागी बसून राहतात, तसं माझ्या आत होऊन गेलं होतं. कोणी उठून फ्यूज बघत नव्हतं.

तुमसरला, आमच्या तालुक्याच्या गावी, प्रविण नावाचा मुलगा लग्नाचे फोटो काढतो. त्याला मांडवात ठेवायला एक जास्तीचा, हलका कॅमेरा हवा होता. त्याने व्हॉट्सअॅपवर मला नऊ प्रश्न पाठवले. ऑटोफोकस कसा आहे, व्हिडिओ किती, बॅटरी किती फोटो चालते, स्क्रीनवर ओरखडे आहेत का, अंधारात दाणे किती दिसतात, असं बरंच. नववा प्रश्न होता, ‘सेन्सर साफ आहे का?’ सेन्सर म्हणजे लेन्सच्या मागची, फोटो टिपणारी चकचकीत पाटी.

मी उत्तरं देण्यासाठी सरळ परीक्षाच घेतली. मला काही वाटेनासं झालं की माझं काम फार नीट होतं, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं.

तर निकाल असा. सोळा मेगापिक्सेल. माझ्या फोनमध्ये पन्नास आहेत असं फोनच्या डब्यावर लिहिलंय, ते कितपत खरं आहे फोनलाच ठाऊक. पण उन्हात, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचा फोटो दोन्हींनी काढला तेव्हा कॅमेऱ्याचा फोटो चांगला आला. मिरच्या मिरच्यांसारख्या दिसत होत्या. फोनवाल्या मिरच्या लग्नाला निघाल्यासारख्या. सावलीत मात्र कॅमेरा मागे पडला. गोठ्यात नेला तर फोकस मागेपुढे, मागेपुढे, ठरेच ना. तोवर गायीने मान फिरवलेली. अंधारासाठी आयएसओ बत्तीसशेवर नेला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे. आजच्या कॅमेऱ्यांना माणसाचा डोळा सापडतो, पक्ष्याचा सापडतो, धावत्या कुत्र्याचाही सापडतो म्हणे. याला समोर चेहरा आहे एवढं कळतं, तेही चेहऱ्याने सहकार्य केलं तर. फोरके व्हिडिओ नाही. हात हलला तर फोटो हलणार, सावरून घ्यायला आत काही नाही. बॅटरी अडीचशे फोटोंवर मान टाकते. फोनला फोटो पाठवायचं जे अॅप होतं ते आता मिळतच नाही, त्यामुळे कार्ड काढून लॅपटॉपला लावायचं, आपल्या वेळेसारखं. स्क्रीन वर उचलून पूर्ण उलटा होतो, स्वतःचा फोटो काढण्यासाठी. तो भाग नव्यासारखा कोरा होता. मी तो कधी वापरलाच नव्हता.

हे सगळं मी प्रविणला जसंच्या तसं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘ताई, तुम्ही विकून राहिले का तक्रार करून राहिले?’

त्याच दुपारी इश्वर सरांचा मेसेज आला. इश्वर सर म्हणजे सिहोऱ्याच्या शाळेतले शिक्षक. चार-पाच जणांना घेऊन ते भागातले सारस पक्षी मोजतात. त्यांनी लिहिलं होतं की गावाच्या रस्त्याला मोठा फलक लावायचा आहे, दहा फुटी. त्यावर मी काढलेला सारसांचा फोटो, खाली ‘तीन सारसांचं गाव’, आणि त्याखाली बाबांचं नाव. मूळ फाईल उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा, रविवारी उद्घाटन आहे, गोमाजींच्या हस्ते.

गोमाजी म्हणजे माझे बाबा. आणि तो तिसरा सारस म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा गावाने बाबांच्या शहाणपणावर केलेली सही होती. तो नसता तर बाबा वेडेच ठरले असते.

झालं असं होतं. गेल्या जुलैत आमच्या खालच्या बांधीत सारसांच्या जोडीने घरटं केलं. धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी, वेढलेलं धानाचं चौकोनी शेत म्हणजे बांधी. आमच्या अशा सात आहेत आणि खालची सगळ्यात मोठी. बाबांनी त्या बांधीचा निम्मा भाग सोडून दिला. तिकडे निंदण नाही, खत नाही, फवारणी नाही. रोज सकाळी जाऊन लांबून बघायचं आणि कुत्री हाकायची. लोक पारावर बसून विचारत, ‘काय गोमाजी, सारसायले घरजावई करून घेतलं का?’ आई घरात तेच जरा कडक शब्दांत विचारी. बाबा काठी उचलून बांधीकडे जात. दोन अंडी होती. ऑगस्टच्या शेवटी त्यातल्या एकातून पिल्लू निघालं, एवढं त्यांनी जेवताना सांगितलं होतं.

मग सप्टेंबरमध्ये, गणपती बसले त्या दिवशी, मी कॅमेरा घेऊन धुऱ्यावर गेले होते. का गेले होते ते आठवत नाही. आईने डबा समोर ठेवला असेल. लांबची लेन्स लावून चार फोटो काढले. एका फोटोत धानातून वर आलेले दोन मोठे सारस आणि त्यांच्या मध्ये, धानाच्या शेंड्यांना लागून, एक लहानसं तपकिरी डोकं. पिल्लू! तो फोटो लॅपटॉपवरून फोनवर, फोनवरून इश्वर सरांकडे आणि तिथून सगळ्या तालुक्यात गेला. पारावरचे लोक बांधीवर येऊन उभे राहू लागले. सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीसमोर बाबांना शाल आणि नारळ मिळाला. पिल्लू तोवर दिसेनासं झालं होतं. धान कापल्यावर जोडी बोडीकडे, म्हणजे गावामागच्या लहान तळ्याकडे गेली. पिल्लू मोठं होऊन उडून गेलं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. कोणी बाबांना विचारलं की ते म्हणत, ‘डिंपलच्या फोटोत तीन हायेत.’ माझं नाव घेतात, कौतुक आहे पोरीचं, असं मला वाटायचं.

फाईल काय, पाठवता येईल. आधी प्रविणचा नववा प्रश्न संपवायचा होता. त्याने पद्धतही कळवली होती. लेन्सच्या छिद्राचा आकडा बावीसवर न्या, फोकस बिघडवा, कोऱ्या आभाळाचा फोटो काढा. सेन्सरवर काही असेल तर दिसेल.

मार्चचं आभाळ कोरंच होतं. मी अंगणातून फोटो काढला आणि लॅपटॉपवर लावला. मधोमध, जरा खाली, उजवीकडे, एक ठिपका. तिळाएवढा, कडा पुसट, खालच्या बाजूला निमुळता, तपकिरीकडे झुकणारा. लेन्स पुसली, पुन्हा काढला. ठिपका तिथेच. लेन्स बदलली. तिथेच.

मी तो प्रविणला पाठवून दिला आणि चहा टाकायला उठले. चहा उकळताना माझ्या लक्षात आलं की हा ठिपका मी ओळखते.

सप्टेंबरचं फोल्डर उघडलं. त्या दिवशीही आकडा बावीसवर होता. आकडा जितका मोठा तितकं सगळं स्पष्ट येतं, एवढंच मी कॉलेजात असताना कुठेतरी वाचलं होतं आणि त्यावर विसंबून राहिले होते. सारसांचा फोटो आणि आभाळाचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. मग वर खाली ठेवले. मग बाकीचे तीन उघडले. दुसऱ्यात कॅमेरा खाली झुकला होता. पिल्लू नुसत्या धानात होतं, सारस पार वरच्या कडेला. तेव्हा मी म्हटलं होतं, मातीचं ढेकूळ असेल. तिसऱ्यात ते नराच्या पाठीवर होतं. चिखल उडाला असेल असं म्हटलं होतं. चौथ्यात कॅमेरा वर गेला होता आणि ते आभाळात होतं. घार असेल.

चारही फोटोंत पिल्लू एकाच जागी होतं. सारस हलले होते, धान हललं होतं, मी हलले होते.

मला धक्का बसायला हवा होता. मी गाळून चहा प्यायले, कप विसळला, पालथा घातला. मग परत येऊन बसले आणि ठिपक्याकडे बघत राहिले. बाबांबद्दल वाईट वाटायला हवं हे मला कळत होतं, अगदी स्पष्ट कळत होतं. वाटत मात्र नव्हतं.

प्रविणचा मेसेज आला. ‘बाकी ठीक आहे ताई. पण ही साधी धूळ नाही वाटत. आरशावाल्या कॅमेऱ्यात समोर आरसा राहते, आत काही पडलं तर तोच झेलते. यात सेन्सर उघडाच असते. लेन्स काढून कोणी आत काही टाकलं होतं का?’

आई पडवीत सूप घेऊन डाळ पाखडत होती. मी कॅमेरा घेऊन तिच्यासमोर बसले.

“आई, हा समोरचा भाग कोणी काढला होता का?”

“कोन काढन? म्याच काढला होता,” सूप न थांबवता आई म्हणाली. “दसऱ्याले.”

“कायले?”

“पूजा कराव नाही लागत का? नांगराच्या फाळाले कुंकू लावतो, विळ्याच्या धारेले लावतो. दांड्याले लावते का कोनी? याची धार कुठं असते थे पाहत होती मी. एक बटन दाबलं तं डब्बाच निघाला हाती. आत चकचक काच. म्हनलं, हेच असंल.”

“मग?”

“मंग काय मंग. चिमूटभर वाहिलं. पदरानं पुसून घेतलं ना लागलीच. मी का येडी आहो?”

“कोणत्या दसऱ्याला?”

“सगळ्याच,” आई म्हणाली. “तू सासरी होती. तुहं अवजार इथं होतं. त्याची पूजा कोन करन?”

पाच वर्षं मी नागपूरला होते. तिथे माझ्या नावाने दारावर पाटीसुद्धा नव्हती. इथे दर दसऱ्याला विळे, नांगर, मोटारपंप आणि बाबांची गाडी यांच्या रांगेत माझा कॅमेरा मांडला जात होता, त्याची धार शोधली जात होती. मी हे ऐकलं आणि हातातली लेन्स उगाच दोनदा फिरवून परत बसवली.

“खराब झाला का?” आईने विचारलं. आता सूप थांबलं होतं.

“नाही,” मी म्हटलं.

आरसा असता तर कुंकू आरशावर पडलं असतं. इतकी साधी गोष्ट होती.

रात्रभर विचार केला असं म्हणायची पद्धत आहे. मी झोपले. पण सकाळी उठल्यावर विचार तयारच होता. फाईल पाठवली तर काय होईल? इश्वर सरांनी तो फोटो सहा महिने फोनवर पाहिलाय, हाताच्या बोटाएवढा. त्या आकारात ते पिल्लू आहे. दहा फुटांवर ते पिल्लू राहणार नव्हतं. कडा पुसट असलेला, दोन-तीन बोटं रुंदीचा डाग झाला असता, आणि त्याच्या शेजारी बाबा कात्री घेऊन उभे. पारावरच्या लोकांची नजर चांगली आहे. आपण सहा महिने डागाला पिल्लू म्हणत होतो हे त्यांनी बाबांना जन्मभर विसरू दिलं नसतं.

इंटरनेटवरून सारसाचं पिल्लू उचलून तिथे चिकटवता आलं असतं. हा विचार मी केला, सांगून टाकते. पाच मिनिटं केला. तेवढ्यात प्रविणचाच मेसेज, ‘ताई, त्या ठिपक्यामुळे तुमचे काही खास फोटो खराब झाले असतील तर पाठवा. ठिपका उडवून देतो. कोणाले समजणारही नाही.’ मी फोन उलटा ठेवला.

बाबांना सांगावं लागणार होतं. मोठ्या बातम्या मला सपाट आवाजात सांगता येतात, हे नागपूरवरून परत आले त्या दिवशी सिद्ध झालं होतं. एसटीतून उतरून मी बाबांना म्हटलं होतं, ‘मी आली. आता इथंच राहीन.’ तेवढंच. तरीही बांधीकडे जाताना मी वाटेत दोनदा थांबले, आणि का थांबले हे मी नीट तपासून पाहिलं. मला भीती वाटत होती. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी वाटत होतं आणि ते नेमकं हे होतं.

उन्हाळी धान गुडघ्याला आलं होतं. बाबा खालच्या बांधीत फावड्याने पाणी फिरवत होते, धुऱ्याचं तोंड एकीकडे फोडायचं, दुसरीकडे बुजवायचं. मला बघून त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं.

“काहून आली उनाची?”

मी लॅपटॉप नेला नव्हता. फोनवर दोन्ही फोटो घेऊन गेले होते. आधी आभाळाचा दाखवला, ठिपक्यावर बोट ठेवलं. मग सारसांचा दाखवला, त्याच जागी बोट ठेवलं. आईचं नाव न घेता सांगितलं, आत कुंकवाचा कण आहे, तो प्रत्येक फोटोत येतो. हे पिल्लू नाही. त्या दिवशी तिथे दोनच सारस होते. चूक माझी आहे. फलकासाठी हा फोटो देता येणार नाही. सगळं एका दमात सांगितलं.

बाबांनी फोन हातात घेतला नाही. हाताला चिखल होता. ते वाकून बघत राहिले, पण मला वाटलं ते फोटोकडे बघत नाहीयेत.

“हो,” ते म्हणाले. “दोनच होते.”

“म्हणजे?”

“पिल्लू तं आधीच गेलं होतं.” त्यांनी फावड्याच्या दांड्याने पलीकडचा धुरा दाखवला, जांभळीच्या बाजूचा. “पोळ्याच्या दुसऱ्या रोजी. कुत्र्यायनं धरलं. मी पोहोचलो तवा पळाले, पन मान मोडली होती. त्या धुऱ्याखाली म्याच पुरलं. एवढूसं होतं.”

त्यांनी दोन्ही चिखलाचे हात एकमेकांसमोर धरून माप दाखवलं आणि मग हात खाली घेतले.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे माझ्या फोटोच्या चार दिवस आधी.

“तुम्हाला माहीत होतं?” मी म्हटलं. “मग सगळ्यांना तीन काहून सांगितलं?”

“म्या कवा सांगितलं तीन हायेत म्हनून? म्या म्हनलो, डिंपलच्या फोटोत तीन हायेत.”

हे खरं होतं. सहा महिन्यांत एकदाही त्यांनी दुसरं वाक्य वापरलं नव्हतं. मी त्याला कौतुक समजत होते.

“अन् शाल घेतली ती?”

“घेतली ना. काय करतो.” बाबा धुऱ्यावर बसले. “चार लोकायसमोर बोलावलं. त्या रोजी जीव नकोसा झाला होता माहा. आंगावर टाकली नाही कधी मंग. मायनं विचारलं, म्या म्हनलं गरम होते.”

बाबांनी आयुष्यात रेशनच्या रांगेतसुद्धा पुढे घुसून घेतलं नाही. अशा माणसाने सहा महिने हे पोटात ठेवलं होतं, आणि वर लोकांचे नमस्कार घेतले होते. मला त्यांचा राग आला. खरोखर आला, कानांपर्यंत. मी जोरात म्हटलं, “पण कायले? मी फोटो दाखवला तेव्हाच सांगायचं होतं, पोरी, हे पिल्लू नव्हे. एवढंच तर होतं!”

बाबांनी पायाजवळचं ढेकूळ पाण्यात ढकललं. पाणी फोडलेल्या तोंडातून पलीकडच्या बांधीत जात होतं.

“तू जूनमधी आली,” ते म्हणाले. “जेवून राहिली, भांडे घासून राहिली, विचारलं तं बोलून राहिली. सगळं करून राहिली. पन घरात पोरगी आली असं काही वाटे नाही. तुही माय रोज माह्यासंग भांडे, तिच्यासंग बोला म्हने. काय बोलू? मले का बोलता येते?”

मी त्यांच्या बाजूला धुऱ्यावर बसले.

“मंग त्या रोजी तू लॅपटॉप घेऊन पडवीत धावत आली. तीन आहेत बाबा, तीन, म्हनत. अन् हासली. लहानपनी हासे तशी. मायनं हातचं पीठ टाकून बाहीर येऊन पाह्यलं. मले तं समोर थे पुरलेलं दिसून राहिलं होतं. तोंडापर्यंत आलं होतं सांगाचं.” त्यांनी फावडं जवळ ओढलं. “म्हनलं, राहू दे. तीन तं तीन.”

मग ते उठले, फावडं घेतलं आणि धुऱ्याचं तोंड बुजवायला लागले. मी फोन काढून इश्वर सरांना मेसेज लिहू लागले. फोटोतला तिसरा सारस हा डाग आहे, पिल्लू जगलं नाही, फलकावर दोन लिहा किंवा लावू नका. बाबांनी वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून म्हणाले, “डिंपलले माहीत नव्हतं, गोमाजीले माहीत होतं, हेही लिव.” मी लिहिलं. पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. रविवारी पारावर काय होईल ते दोघांनाही माहीत होतं.

मी धुऱ्यावरच बसून तो गणपतीचा दिवस आठवून पाहिला. धुरा आठवला, बावीसचा आकडा आठवला, लेन्स जड होती ते आठवलं. पडवी आठवली. आईचे पिठाचे हातसुद्धा आठवले. माझं हसणं कुठेच नव्हतं.

“बाबा,” मी म्हटलं, “मी खरंच हासली होती?”

बाबांनी फावडं थांबवलं नाही.

“हो वं बाई,” ते म्हणाले. “घरभर आयकू आलं.”